जीआयचं स्ट्रक्चर, तरी दुसऱ्याच पावसाळ्यात गंज: डाग कुठे आहे ते आधी बघा

गच्चीवर सोलरचं स्ट्रक्चर उभं राहतं, मागच्या अंगणात शेड होते, रस्त्याच्या बाजूला गेट बसतं. फॅब्रिकेटर सांगतो, "काळजी करू नका दादा, सगळं जीआयचं आहे," म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं. पहिला पावसाळा बरा जातो. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यांमधून तांबूस ओघळ उतरायला लागतात. मग फोन जातो, फॅब्रिकेटर सिल्व्हर पेंटचा डबा घेऊन येतो आणि एक हात मारून जातो. पुढच्या मिरगाला पुन्हा तेच ओघळ, त्याच जागी, जरा जास्त रुंद. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे, की माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: डाग नेमका कुठे आहे त्याचा जवळून फोटो काढा.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकायचंच नाही, असं म्हणून विषय सोडून देणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणं, नीट केलेलं काम किनाऱ्यावरही वर्षानुवर्षं उभं राहतं. दोन पावसाळ्यांत गंज दिसला, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर मुळात हवं तेवढं जस्त त्या लोखंडावर नव्हतंच, नाहीतर जस्त चढवून झाल्यावर कुणीतरी तिथे वेल्डिंग किंवा कटर चालवला. यातलं काय झालंय, ते डागाच्या जागेवरून कळतं.

जीआय म्हणजे नेमकं किती जस्त?

बाजारात या एका नावाखाली तीन निरनिराळे माल मिळतात. पहिला प्री-जीआय. कारखान्यातच जस्ताचा थर दिलेल्या पट्टीपासून वळवलेले चौकोनी पाइप, सी-पर्लिन (पत्रे किंवा पॅनेल पेलणारे सी-आकाराचे आडवे दांडे) आणि छपराचे पत्रे यात येतात. ही पट्टीसुद्धा वितळलेल्या जस्तातूनच जाते, पण वेगाने, आणि बाहेर पडताना जादा जस्त हवेच्या झोताने उडवलं जातं, त्यामुळे थर पातळ राहतो. दुसरा माल म्हणजे वीज सोडून झिंक प्लेटिंग केलेले नट-बोल्ट आणि क्लॅम्प. तिसरा खरा एचडीजी, म्हणजेच हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग: कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग सगळं उरकल्यावर सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात अख्खा बुडवून काढलेला नग.

या तिघांत किती फरक आहे ते आकड्यांत पाहा, कारण सगळा झगडा तिथेच आहे. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडावर दर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त हवं, २ ते ५ मिलिमीटरच्या मालावर ४६० ग्रॅम. जस्ताच्या घनतेने भागलं, की पहिला थर सुमारे ८५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसरा ६४ मायक्रॉनचा निघतो. आता प्री-जीआय घ्या. पत्र्यावर '१२० ग्रॅम' लिहिलेलं असतं तेव्हा ते दोन्ही बाजूंचं मिळून असतं. म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम, जेमतेम साडेआठ मायक्रॉन. २७५ ग्रॅमचा चांगला पत्रा घेतला, तरी एका बाजूला १९ मायक्रॉन. झिंक प्लेटिंगचे बोल्ट साधारण ५ ते १२ मायक्रॉनचे.

जस्त दर वर्षी झिजत असतं. किती झिजतं ते हवेवर अवलंबून आहे. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. मध्यम हवेत, म्हणजे सी-३ मध्ये, पहिल्या वर्षी ०.७ ते २.१ मायक्रॉन जस्त जातं, सी-५ या अतिशय तिखट वर्गात ४.२ ते ८.४. समुद्राला लागून घर असेल तर सी-५ धरूनच चालावं. मग हिशेब सरळ आहे. साडेआठ मायक्रॉन जस्त एक ते दोन वर्षांत संपणार. ८५ मायक्रॉनला दहा ते वीस वर्षं लागणार, आणि पुढच्या वर्षांत झीज सहसा मंदावत असल्याने थोडी जास्तही. "दोन पावसाळ्यांत गंजलं" ही तक्रार म्हणूनच इतकी नेमाने येते. त्या पाइपाने खोटेपणा केलेला नसतो, त्याच्या अंगावर होतं तेवढं जस्त त्याने वापरलं.

तुमच्याकडे कोणता माल आहे हे ओळखायला पाइपाचं तोंड आणि वेल्डिंगचा सांधा बघा. बुडवून काढलेल्या नगावर जस्त सगळीकडे गेलेलं असतं: वेल्डच्या मण्यावर, ड्रिलच्या भोकाच्या आतल्या कडेला, पाइपाच्या आत, कापलेल्या तोंडावर. कुठेतरी जस्ताचा गोठलेला थेंब किंवा ओघळ दिसतो, आणि बंद पाइपाला जस्त आत-बाहेर जायला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. प्री-जीआय पाइप बाहेरून एकसारखा गुळगुळीत दिसतो, आत डोकावलं तर लांबीभर एक शिवण असते आणि त्या शिवणीवरचं जस्त जळालेलं असतं. वेल्डिंगच्या जागी चंदेरी रंग लावलेला असेल आणि नखाने किंवा चाकूने खरवडल्यावर खाली काळं लोखंड दिसलं, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

खात्री हवी असेल तर डीएफटी मीटर वापरा. चुंबकावर चालणारं हे छोटं यंत्र लोखंडावरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. बरेच पेंटिंग काँट्रॅक्टर ते बाळगतात. कडेपासून जरा आत, वेगवेगळ्या जागी पाच-सात ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. वर रंग असेल तर मीटर रंगासकट जाडी दाखवतो, हे विसरू नका.

सांध्यातून ओघळ: सगळ्यात जास्त येणारी तक्रार

जस्त लोखंडाला दोन प्रकारे राखतं. एक म्हणजे हवा आणि पाणी यांच्या आड उभं राहून. दुसरं म्हणजे स्वतः आधी झिजून: ओलावा असताना जस्त आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले, की जस्त खर्ची पडतं आणि लोखंड वाचतं. म्हणून जस्ताच्या थरावर बारीक ओरखडा उठला तरी गंज धरत नाही. पण ही राखण दोन-चार मिलिमीटरपलीकडे पोचत नाही, आणि थर पातळ असेल तर तेवढीही नाही. वेल्डिंगचा पट्टा याच्या कितीतरी पट रुंद असतो.

जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगच्या आर्कचं तापमान हजारो अंशांत असतं. त्यामुळे सांध्यावरचं आणि दोन्ही बाजूंचं जस्त पांढऱ्या धुरासारखं उडून जातं. पाइपाच्या आतल्या बाजूचंही जातं, आणि तिथे ब्रश पोचणार नसतो. कटरने कापलेली तोंडं आणि साइटवर पाडलेली भोकं यांचंही तेच. त्यावर मारलेला सिल्व्हर पेंट म्हणजे ॲल्युमिनियमची पूड घातलेला रंग. तो दिसायला जस्तासारखा, पण लोखंडाला राखायच्या कामात शून्य. दरवर्षी त्याच जागी डाग परत येतो तो यामुळे.

आता दुरुस्ती. ही नीट केली तर सांधा पुष्कळ वर्षं शांत राहतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सांध्यावरचा जुना रंग, गंज आणि वेल्डचा काळा मळ पूर्ण काढायचा. नुसता वायर ब्रश पुरत नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा. आजूबाजूच्या चांगल्या जस्तावरही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलका हात फिरवा, म्हणजे नवा थर जुन्यावर चढून बसेल. खड्ड्यांत गंज राहिला तर तो आतून पुन्हा उमलतो, तेव्हा खड्ड्याच्या तळापर्यंत जा. मग गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यावर ही पायरी गाळू नका, कारण घासलेल्या लोखंडावर बसलेलं मीठ डोळ्यांना दिसत नाही आणि वरचा रंग काही महिन्यांत उचलतं. फडक्याने पुसा, उन्हात कोरडं होऊ द्या, आणि त्याच दिवशी रंग लावा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी पिवळसर झाक आलेली असते आणि पुन्हा घासावं लागतं.

लावायचा तो झिंक-रिच प्रायमर. दुकानात त्यालाच 'कोल्ड गॅल्व्हनाइझिंग' म्हणून मागतात. डब्यावर वाळलेल्या थरातलं जस्ताचं प्रमाण छापलेलं असतं, ते वजनाने ९२ टक्के किंवा जास्त असलेला घ्या. जस्ताची पूड जड असते, ती तळाशी बसते, म्हणून डबा काठीने खरवडून तळापासून ढवळा आणि काम चालू असतानाही मधूनमधून ढवळत राहा. न ढवळता वरवरचं पातळ वापरलं, तर तुम्ही जस्त डब्यातच ठेवून नुसतं बाइंडर, म्हणजे पूड धरून ठेवणारा चिकट द्रव, लोखंडाला लावताय. दोन किंवा तीन हात द्या, वाळल्यावर किमान १०० मायक्रॉनचा थर भरला पाहिजे. हा आकडा हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगच्या आयएसओ १४६१ या मानकातला आहे. तिथे गॅल्व्हनाइझिंग प्लांटने करायच्या दुरुस्तीला मर्यादाही घातली आहे: एक डाग १० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि सगळे डाग मिळून नगाच्या पृष्ठभागाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नकोत. साइटवरच्या दुरुस्तीलाही हीच फूटपट्टी लावून बघा. तुमच्या स्ट्रक्चरवर यापेक्षा कितीतरी जास्त डाग निघाले, तर ब्रश खाली ठेवा आणि शेवटचा भाग वाचा.

रेड ऑक्साइड (नेहमीचा तांबडा प्रायमर) आधी आणि झिंक-रिच त्याच्यावर, असा उलटा क्रम मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. जस्त लोखंडाला थेट टेकलं तरच झिजून त्याला वाचवतं. मध्ये रेड ऑक्साइड आला की सगळं फुकट.

पाइपाच्या आत जळालेलं जस्त बाहेरून दुरुस्त होत नाही. तिथे निदान पाणी साचणार नाही एवढं बघता येतं: उघड्या तोंडाला टोपी, आणि सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निथळायला भोक. वरून बंद आणि खालूनही बंद अशा पाइपात दमट हवा शिरतेच, रात्री थंडीने तिचं पाणी होतं आणि ते बाहेर पडायला वाट नसते.

जीआयवर वेल्डिंग करणाऱ्या कामगाराबद्दलही सांगायचं आहे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव राहते. सहसा एक-दोन दिवसांत उतरतं, पण ज्याच्या अंगावर येतं त्याचे हाल होतात. वरून दूध प्यायलं की बाधत नाही, असा समज वर्कशॉपमध्ये पक्का आहे. दुधाने फुप्फुसांचं रक्षण होत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी इंच-दोन इंच ग्राइंडरने काढा, मोकळ्या हवेत वाऱ्याला पाठ देऊन काम करा आणि धुरासाठीचा मास्क लावा. सांधाही जास्त चांगला येतो, कारण जस्त मिसळलेल्या वेल्डमध्ये सुईच्या टोकासारखी भोकं पडतात.

पांढरी भुकटी

नवे कोरे पत्रे किंवा अँगल एकावर एक रचले, वरून ताडपत्री टाकली, आणि पंधरा दिवसांनी उघडलं तर पांढरी जाड भुकटी. हा जस्ताचा गंज, व्हाइट रस्ट. नव्या जस्तावर मोकळ्या हवेत हळूहळू कार्बोनेटचं घट्ट, पाण्यात न विरघळणारं कवच तयार होतं, त्याला महिने लागतात. ते तयार होण्याआधी दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकलं आणि हवा खेळली नाही, तर कवचाऐवजी भुसभुशीत हायड्रॉक्साइड तयार होत राहतं. ताडपत्रीने पाऊस अडतो, पण खालची वाफ कोंडते, म्हणून घट्ट बांधलेली ताडपत्री पुष्कळदा उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट.

भुकटी दिसते भरपूर, पण तिच्याखाली गेलेलं जस्त सहसा थोडंच असतं. नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने घासा, कोरडं करा, मीटर लावा. जाडी पुरेशी असेल तर नग बिनधास्त बसवा. तारेची घासणी आणि ॲसिड दोन्ही टाळा, चांगलं जस्तही त्यात जातं. भुकटी काळपट झाली असेल किंवा खाली तांबूस दिसत असेल, तर मात्र जस्त तळापर्यंत खाल्लं गेलंय.

पुढच्या वेळी माल जमिनीपासून वीतभर उंच लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, मध्ये पट्ट्या घालून थर सुटे करा, एक बाजू किंचित उचला म्हणजे पाणी निथळेल. ठोकळे ओल्या, कच्च्या लाकडाचे नकोत. सिमेंट आणि खताची पोती त्याच कोपऱ्यात रचू नका. ओलं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, ते जस्ताला खातं. एकदा सुकून घट्ट झालेल्या काँक्रीटचा तसा त्रास नाही.

तांबूस दिसतंय, पण लोखंड शाबूत आहे

प्रत्येक तपकिरी डाग म्हणजे लोखंड गेलं असं नसतं, आणि हे न कळल्यामुळे चांगली कामं घासून-रंगवून बिघडवली जातात.

पत्र्याच्या छपरावर बारीक बारीक तांबडे ठिपके पसरलेले दिसले, तर आधी विचारा, जवळपास कुणी ग्राइंडर चालवला होता का? कटरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते पत्र्याला चिकटतात आणि पहिल्या दवाने गंजतात. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. लगेच झाडून धुतलं तर काही बिघडत नाही, महिनोन् महिने राहू दिलं तर मात्र त्या ठिपक्याखाली जस्त झिजतं. स्क्रूसाठी ड्रिल केल्यावर पडणारा कीसही संध्याकाळी झाडूनच खाली उतरा.

दुसरा प्रकार: एचडीजीचा नग चकचकीत न येता सुरुवातीपासून मळकट राखाडी आला, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यावर तपकिरी झाक आली. याचं मूळ लोखंडातल्या सिलिकॉनमध्ये असतं. बुडवल्यावर जस्त आणि लोखंड यांचे मिश्रधातूचे थर तयार होतात आणि सगळ्यांत वर शुद्ध जस्ताचा चमकदार थर राहतो. सिलिकॉन साधारण ०.०४ ते ०.१४ टक्के असलं किंवा पाव टक्क्याच्या वर गेलं, तर मिश्रधातू भराभर वाढून थेट पृष्ठभागापर्यंत येतो. त्यातलं थोडं लोखंड गंजून झाक देतं. मीटर लावला तर जाडी ८५ च्या बरीच वर निघते. म्हणजे दिसायला उणं आणि टिकायला उलट जास्त. मालकाला मीटरचा आकडा दाखवा आणि त्या नगाला हात लावू नका. अशा जाड थरावर जोरात ठोकाठोक केली तर कपचे उडतात, एवढं मात्र सांभाळा.

तिसरा प्रकार दोन पट्ट्यांच्या जोडफटीतून गळणाऱ्या डागाचा. एकावर एक ठेवून तुटक टाके मारलेल्या पट्ट्यांच्या फटीत प्लांटमधलं ॲसिड शिरतं. जस्त पाण्याइतकं पातळ नसल्याने बारीक फटीत जात नाही. ॲसिडचे क्षार आतच राहतात आणि प्रत्येक पावसात ओघळ काढतात. फट धुऊन, पूर्ण सुकवून बाहेरच्या कामाच्या सीलंटने बंद करा. पुढच्या कामात अशी फट ठेवूच नका, सलग वेल्ड मारून ती बंद करून घ्या.

बोल्ट, अर्थिंग आणि पाया

स्ट्रक्चर ८५ मायक्रॉनचं आणि बोल्ट आठ मायक्रॉनचे, ही जोडी किनाऱ्यावर फार दिसते. अंग शाबूत आणि प्रत्येक सांध्यावर गंजलेलं डोकं. पिवळसर किंवा आरशासारखे चकचकीत बोल्ट प्लेटिंगचे समजा. एचडीजीचे बोल्ट मळकट, किंचित खरबरीत असतात आणि त्यांच्या नटाचे आटे थोडे सैल पाडलेले असतात, म्हणून नट-बोल्ट एकाच जोडीचे घ्या. साध्या नटाचे आटे एचडीजी बोल्टवर बळेच चालवले तर जस्त सोलून निघतं. स्टेनलेसचे बोल्टही चालतात, कारण बोल्ट लहान आणि जस्ताचं अंग मोठं असतं. मध्ये नायलॉनचा किंवा रबरी वॉशर घालावा.

तांबं मात्र जस्ताला चालत नाही. सोलरच्या स्ट्रक्चरला तांब्याची अर्थिंग पट्टी थेट बोल्टने आवळलेली असेल, तर डाग बरोबर त्या जागी येतो. जीआयची पट्टी वापरा, नाहीतर कथिलाचा मुलामा दिलेली लग (जोडणीची चकती) मध्ये घाला. तांब्याच्या पाइपावरून निथळलेलं पाणी जीआयच्या पत्र्यावर पडत असेल तरी तेच होतं, एसीच्या पाण्याची नळी म्हणून बाजूला काढावी.

खांबाच्या बुडाशी, काँक्रीटला टेकतो तिथे गोल कडं गंजलं असेल, तर पाणी साचतंय. कट्ट्याच्या माथ्यावर सिमेंटने उतार काढा, माती आणि पालापाचोळा बाजूला करा, सांगितल्याप्रमाणे झिंक-रिच लावा आणि त्या वीतभर पट्ट्यावर वरून इपॉक्सीचा हात द्या. गोठ्यात शेण-मुताचा अमोनिया आणि सततची ओल असते, तिथे खालच्या हातभर उंचीला इपॉक्सी पहिल्याच दिवशी लावलेली बरी.

सोलरवाल्यांसाठी एक गोष्ट जी जवळजवळ कुणी सांगत नाही. पॅनेलच्या वरच्या बाजूचं मीठ पाऊस धुऊन टाकतो. खालच्या पर्लिनला पाऊस लागतच नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत खारा वारा तिथे मीठ आणून बसवतो आणि दमट रात्री ते ओलं होत राहतं. म्हणून गंज बहुधा पॅनेलच्या पोटाखाली आधी दिसतो, आणि वरून बघणाऱ्याला तो कळतही नाही. पॅनेल धुता तेव्हा पाइप खाली घालून स्ट्रक्चरवरही गोड्या पाण्याचा फवारा मारा. बिनखर्चाचा उपाय आहे आणि त्याने जस्ताचं आयुष्य खरोखर वाढतं.

जीआयवरचा रंग सालासारखा निघतो

साधा इनॅमल थेट जीआयवर लावला की हे होणारच. रंगातलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला किंचित कोरून धरून बसणारा प्रायमर, किंवा जीआयसाठीचा इपॉक्सी प्रायमर, त्याआधी पृष्ठभाग धुऊन हलका घासलेला, मग वरचा रंग. हे नीट जमलं तर किनाऱ्यावर याच्यासारखा मार्ग नाही: रंग जस्ताला राखतो, जस्त रंगाखालचा गंज रोखतं, आणि दोघांचं एकत्र आयुष्य सुट्या-सुट्या आयुष्यांच्या बेरजेच्या दीडपट ते सव्वादोनपट भरतं, असा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे.

डाग फारच असतील तर

लोखंड पातळ झालं नसेल, तर उतरवून पुन्हा बुडवणं हाच सरळ उपाय. प्लांटमध्ये जुनं जस्त ॲसिडमध्ये काढून नगाला नवा थर देतात. २ मिलिमीटरपेक्षा पातळ प्री-जीआय पाइपांसाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही, त्यात पातळ पत्रा जस्ताच्या उष्णतेने वाकतो. ते बदलून टाका.

प्लांटला नग पाठवण्याआधी काही गोष्टी वर्कशॉपमध्येच उरकायच्या असतात. टाकीची लांबी, रुंदी आणि खोली आधी विचारा आणि त्यात मावतील असे भाग पाडा. साइटवर ते बोल्टने जोडले जातील अशी भोकं आत्ताच पाडा, नंतर एकही भोक पाडायचं नाही आणि एकही टाका मारायचा नाही. प्रत्येक बंद पाइपाला समोरासमोरच्या दोन टोकांना, अगदी कोपऱ्याशी, हवा आणि जस्त जायला भोकं हवीत. १० मिलिमीटरपेक्षा लहान कधीच नकोत, पाइप मोठा तसं भोक मोठं. यात हयगय म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. बंद पाइपात अडकलेल्या पाण्याची ४५० अंशांत क्षणात वाफ होते, पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा मागते, पाइप फुटतो आणि वितळलेलं जस्त टाकीशेजारी उभ्या असलेल्या माणसांवर उडतं.

वेल्डवरचा मळ ठोकून काढा. जुना रंग, ऑइल पेंटने लिहिलेले आकडे आणि सिलिकॉनचा अँटी-स्पॅटर स्प्रे (वेल्डिंगचे शिंतोडे चिकटू नयेत म्हणून मारतात तो) प्लांटच्या ॲसिडने निघत नाहीत, आणि त्या जागा बिनजस्ताच्या राहतात. खुणेसाठी खडू वापरा किंवा पंचाने आकडे ठोका. नवं लोखंड घेत असाल तर सिलिकॉन ०.०४ टक्क्यांच्या आत असलेलं मागा आणि टेस्ट सर्टिफिकेटवर आकडा बघून घ्या.

ऑर्डरवर नुसतं 'जीआय' लिहू नका. 'फॅब्रिकेशन पूर्ण झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग, आयएस ४७५९ प्रमाणे, माल उतरवताना डीएफटी मीटरने जाडी मोजून घेतली जाईल' असं लिहा आणि फॅब्रिकेटरची सही घ्या. माल आला की ट्रकवर असतानाच मोजा. एकदा गच्चीवर चढवून बोल्ट आवळले, की कमी भरलेला नग परत पाठवायला कुणीच तयार होत नाही.